जुन्या रणगाड्याला रिमोट बसवला की माणसासोबत आणखी काय काय खाली उतरतं?

जुना_फिटर (धागाकर्ता)

नमस्कार. ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांच्या दुरुस्तीत माझी २६ वर्षं गेली. आता निवृत्त आहे. गेले काही महिने एक विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

जुनी चिलखती वाहनं आत माणूस न बसवता दुरून चालवायची, हे आता बऱ्याच देशांनी करून दाखवलंय. चीनने मार्च २०१८ मध्ये सरकारी टीव्हीवर टाइप ५९ रणगाडा चालकाविना फिरवून दाखवला. टाइप ५९ म्हणजे सोव्हिएत टी-५४ चीच चिनी आवृत्ती, १९५० च्या दशकातली. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये दोन एम-११३ गाड्या (सैनिक वाहून नेणाऱ्या, ट्रॅकवाल्या चिलखती गाड्या) अशा बदलून घेतल्या आणि नंतर आणखी घेतल्या. आपल्या डीआरडीओने २०१७ मध्ये चेन्नईजवळच्या अवाडीत 'मुंत्रा' दाखवली. ती बीएमपी-२ या पायदळाच्या चिलखती गाडीच्या सांगाड्यावर आहे आणि तिचे तीन प्रकार आहेत: टेहळणीसाठी, सुरुंग शोधण्यासाठी, आणि किरणोत्सर्ग किंवा जैविक धोका असलेल्या भागात जाण्यासाठी.

बातम्या वाचून असं वाटतं की चालकाच्या जागी चार मोटारी आणि दोन कॅमेरे बसवले की काम झालं. गाडी हलवणं खरंच तेवढं अवघड नाही. पण चालक फक्त गाडी हलवत नसतो. चालक उतरला की त्याच्यासोबत गाडीचे कान, नाक आणि अर्धा मेकॅनिकही उतरतो. त्याची भरपाई कशाने करायची, हे मला कुठल्याच बातमीत सापडत नाही.

टी-५५, म्हणजे टी-५४ च्या पुढच्या सोव्हिएत रणगाड्याचं उदाहरण देतो. त्याला स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन लिव्हर असतात. दोन्ही पुढे असले की गाडी सरळ जाते. डावा अर्धा ओढला की डावा ट्रॅक मंदावतो आणि गाडी डावीकडे सावकाश वळते. पूर्ण ओढला की डाव्या बाजूला ब्रेक लागतो आणि गाडी जवळजवळ जागच्या जागी फिरते. दोन्ही लिव्हर एकदम अर्ध्यावर आणले की वेग कमी होऊन ओढ वाढते. चढावर किंवा चिखलात चालक तेच करतो. कागदावर हे अगदी सरळ आहे. प्रत्यक्षात एका गाडीचा डावा लिव्हर चार बोटं ओढल्यावर धरतो, शेजारच्या गाडीचा सहा बोटांवर. त्याच गाडीचा सकाळी गार असताना वेगळा, दोन तास पळाल्यावर वेगळा. ब्रेकचे पट्टे झिजतात, दांड्यांना ढिलाई येते. चालकाचा हात हे पाच मिनिटांत ओळखतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही. मोटारीला प्रत्येक गाडीसाठी वेगळं शिकवावं लागेल, आणि ते पुन्हा पुन्हा शिकवत राहावं लागेल.

एक प्रसंग. सरावाहून परतताना एका चालकाने कारण नसताना गाडी उभी केली. मला म्हणाला, "डाव्या बाजूला मागे कोणीतरी सुपारी फोडल्यासारखं वाजतंय." मला तर काहीच ऐकू आलं नाही. हात लावून पाहिलं तर डाव्या फायनल ड्राइव्हचं (ट्रॅकला फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरचं) आवरण उजव्यापेक्षा चांगलंच तापलेलं होतं. उघडल्यावर बेअरिंगचा पिंजरा फुटलेला निघाला. आणखी तीन-चार किलोमीटर गेलो असतो तर ट्रॅक जाम होऊन गाडी तिथेच बसली असती. त्या चालकाकडे यंत्र कुठलंच नव्हतं, कान होते.

यंत्रणा, रेडिओ, इतिहास यातले जाणकार इथे आहेत. तुमचं मत वाचायला आवडेल.

पानोपानी

छान विषय, काका. इतिहासाच्या बाजूने थोडं लिहिते.

ही कल्पना आजची नाही. सोव्हिएत लष्कराने १९३० च्या दशकात टी-२६ या हलक्या रणगाड्याला रेडिओ बसवून 'टेलिटँक' बनवले. मागे दुसऱ्या टी-२६ मध्ये माणसं बसून तो साधारण ५०० ते १५०० मीटरवरून चालवायची. १९३९-४० च्या फिनलंडविरुद्धच्या हिवाळी युद्धात ते वापरलेही गेले. म्हणजे हातात असलेलंच वाहन घेऊन त्यातली माणसं काढायची, हा विचार ऐंशी वर्षांहून जुना आहे.

जर्मनांचा गोलियाथ बहुतेकांना ठाऊक असेल. गुडघ्याएवढा, ट्रॅकवाला, आत ६० ते १०० किलो स्फोटकं, मागे तारेचं रीळ. साडेसात हजारांच्या वर बनवले. १९४४ च्या जर्मनांविरुद्धच्या वॉर्सा उठावात पोलिश लढवय्यांनी त्यावर साधा उपाय शोधला: मागची तार तोडायची.

पण मला खरी आठवण होते ती बोर्गवार्ड बी-४ ची. मुळात दारूगोळा वाहण्यासाठी आखलेली गाडी. चालक ती लक्ष्याच्या जवळपास स्वतः न्यायचा, उतरायचा, आणि पुढचं अंतर रेडिओवर. पुढच्या बाजूला सुमारे ४५० किलो स्फोटकांची पेटी. १३ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साच्या जुन्या शहरात अशी एक सोडून दिलेली गाडी लढवय्यांच्या हाती लागली. पुढे लावलेलं ते धूड म्हणजे काय, हे त्यांना कळलं नाही. जिंकलेला रणगाडा म्हणून गर्दीतून मिरवत नेला. लोक बघायला रस्त्यावर आले, खिडक्यांत, सज्जांत उभे राहिले. किलिन्स्की रस्त्यावर त्याचा स्फोट झाला. सुमारे ३०० माणसं गेली.

माणूस नसलेली गाडी बंद पडली किंवा सोडून दिली की ती कोणाच्या हाती लागेल, हा प्रश्न तेव्हापासून आहे. काकांच्या यादीत तोही हवा.

तरंगलांबी

रेडिओबद्दल लिहितो, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

विलंबाचं गणित आधी. गाडी ताशी २० किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. कॅमेऱ्याचं चित्र दाबून पाठवायचं, रेडिओने न्यायचं, पडद्यावर उलगडायचं, मग माणसाने हात हलवायचा आणि तो हुकूम परत गाडीपर्यंत जायचा. माणसाला विचार करायला लागणारा वेळ सोडून यात ०.४ सेकंद गेला असं धरा. तेवढ्यात गाडी दोन मीटरहून जास्त पुढे गेली. तुम्ही जो खड्डा टाळायला वळताय तो गाडीखाली आलेला असतो. म्हणून दुरून चालवणारे लोक आपोआप सावकाश चालवतात, आणि रणांगणात सावकाश चालणाऱ्या गाडीचं काय होतं ते सांगायला नको.

दुसरं, अँटेनाची उंची. चिलखती गाडी मुद्दाम बुटकी केलेली असते. तिची अँटेना जमिनीपासून अडीच-तीन मीटरवर. मध्ये एक टेकाड, एक विटांची इमारत, दाट झाडी आली की संपर्क गेला. रशियाचा उरान-९, म्हणजे दुरून चालवायची लढाऊ गाडी आठवा. तो जुन्या गाडीवरून केलेला नाही, नवाच बनवलेला होता, तरी सीरियातल्या वापराचे निष्कर्ष २०१८ मध्ये बाहेर आले ते वाचण्यासारखे आहेत. ठरलेला पल्ला २९०० मीटर. वस्तीच्या भागात मिळाला ३०० ते ५०० मीटर. १७ वेळा एकेक मिनिटापर्यंत संपर्क तुटला आणि दोनदा तब्बल दीड तासापर्यंत. दीड तास गाडी उभी आहे, आपण काहीही करू शकत नाही. जुन्या सांगाड्यावरही हवा आणि जमीन तीच असणार.

वर उडणारा ड्रोन मध्यस्थ म्हणून वापरला तर टेकाडाची अडचण जाते. जॅमिंगवर, म्हणजे शत्रूने रेडिओ संपर्क बंद पाडण्यावर, तोडगा म्हणून युक्रेनमध्ये २०२४ पासून हवेतल्या ड्रोनना काचतंतूची (ऑप्टिकल फायबरची) दोरी लावायला लागले. जमिनीवरच्या ट्रॅकवाल्या गाडीला ती लावली तर वळताना, मागे येताना ती स्वतःच्याच ट्रॅकखाली जाण्याचा धोका आहे. गोलियाथची तार शत्रूने तोडली, इथे आपणच तोडू.

बिनबुडाचा

सगळं वाचलं. माझा साधा प्रश्न आहे: एवढा खटाटोप हवाच कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये युक्रेनने खारकीवजवळच्या लिप्त्सीत जमिनीवरच्या आणि हवेतल्या यंत्रांनीच हल्ला चढवला, पुढे पायदळ नव्हतं. ती यंत्रं लहान, विजेवर चालणारी, आवाज कमी, उष्णता कमी. ३६ टनांचा टी-५५ पाचशे अश्वशक्तीच्या वर डिझेल जाळत, धूर सोडत, थर्मल कॅमेऱ्यात शेकोटीसारखा दिसत जाणार. त्यात माणूस नाही एवढाच फरक. तो पहिल्या दहा मिनिटांत संपेल.

जुना_फिटर

बिनबुडाचा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. टेहळणी, सामान पोचवणं, जखमी परत आणणं यासाठी लहान गाड्या बऱ्या, यात वाद नाही.

पण काही कामं वजनाचीच असतात. सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढायची असेल तर पुढे जड रोलर ढकलावे लागतात. रोलरखाली सुरुंग फुटला की तो धक्का मागच्या गाडीने सोसायचा आणि पुढच्या सुरुंगाकडे जायचं. शंभर-दोनशे किलोची विजेवरची गाडी पहिल्या रणगाडाविरोधी सुरुंगालाच उडून जाईल. अमेरिकनांनी यासाठीच जुन्या एम-६० रणगाड्याचा तोफेचा बुरूज काढला, पुढे रोलर लावले आणि तो दुरून चालवायची सोय केली. नाव पँथर. १९९० च्या दशकात बोस्नियात तो वापरला. मला ते सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तोफ काढल्यामुळे निम्मा गुंता गेला. काम एकच: पुढे जा, रोलर फिरव, परत ये. वेग नको, चपळाई नको, लपणं नको. तरंगलांबींनी सांगितलेला विलंब तिथे फारसा आड येत नाही, कारण रोलर लावलेली गाडी तशीही माणसाच्या चालीने चालते.

आणि त्या कामावरच्या चालकाला काय वाटतं, ते मी पाहिलंय. रोलर दोन ट्रॅकच्या पुढे असतात. सोव्हिएत केएमटी-५ मध्ये मधल्या पट्ट्यात फक्त साखळी असते, दांडीचे सुरुंग (वर उभी दांडी कलली की फुटणारे) ओढून फोडण्यासाठी. बाकी मधली जमीन तशीच पोटाखालून जाते आणि चालक त्या पोटावरच बसलेला असतो. सरावात सुरुंग नकली असायचे, तरी त्या गाडीतून उतरलेली पोरं काही वेळ बोलायची नाहीत. ते काम माणसाशिवाय होत असेल तर जुन्या गाडीचा यापेक्षा चांगला उपयोग नाही.

पानोपानी

एप्रिल २०१८ मध्ये जर्मनीत ग्राफेनव्योहरला अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्याने हाच प्रयोग केला होता. ब्रिटिशांच्या टेरिअर या अभियांत्रिकी गाड्या दुरून चालवून अडथळे फोडले, चर बुजवला, आणि एम-११३ जातीची धूर सोडणारी गाडीसुद्धा माणसाविना पुढे पाठवली. अडथळ्यापाशी सगळ्यात जास्त माणसं मरतात, म्हणून सुरुवात तिथून.

मातीकाम

मी सैन्यातला नाही. खाणीत डोझर चालवायचो, नंतर दहा वर्षं रिमोटचा डोझर चालवला. कडा ढासळण्याची भीती असते तिथे माणूस बसवत नाहीत. म्हणून जुना_फिटर काकांचं म्हणणं मला शब्दाशब्दाला पटलं.

आमच्या डोझरला कंपनीने बाहेरून संच बसवून दिला होता. पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा पातं नको तेवढं खाली घातलं. सीटवर बसलेलो असताना पातं दगडाला लागलं की कमरेत कळतं. इंजिनावर ताण आला की आवाज जाड होतो, पायाखालचा पत्रा वेगळा थरथरतो. आपण विचार न करता पातं दोन बोटं उचलतो. रिमोट हातात घेऊन लांब उभा राहिलो तर डोझर नुसता थांबलेला दिसायचा. का थांबला ते कळायचं नाही. ट्रॅक जागेवर फिरत खड्डा खणतायत हे धूळ उडाल्यावर कळायचं.

दुसरी गोष्ट उताराची. कॅमेऱ्यात उतार सपाट दिसतो. एकदा गाडी आडव्या उतारावर इतकी कलली होती की बाजूला उभ्या असलेल्या मुकादमाने ओरडून हात वर केले. पडद्यावर मला ती सपाट जमीन वाटत होती. तेव्हापासून मी पडद्याच्या कोपऱ्यात कल दाखवणारा काटा मागून घेतला. तो नसलेल्या यंत्राला मी हात लावायचो नाही.

तिसरं, आवाज. आम्ही शेवटी डोझरच्या केबिनमध्ये एक माइक टांगला आणि तो कानाला लावून काम करायला लागलो. त्याने फार फरक पडला. चित्र अर्धा सेकंद मागे असलं तरी इंजिन धापा टाकतंय हे कान लगेच सांगतो. कोणी रणगाड्याला रिमोट बसवत असेल तर माझं एकच सांगणं: कॅमेरा एखादा कमी लावा, पण माइक लावा. एक इंजिनापाशी, एक एकेका ट्रॅकपाशी.

जुना_फिटर

मातीकाम, तुमचा हात हातात घ्यावासा वाटला. माइक! एवढी वर्षं लोक कॅमेरे मोजतायत. सुपारी फोडल्याचा आवाज त्या माइकमधून आला असता.

शून्यएक

मी नियंत्रण प्रणालींवर काम करतो. बदल करायला कोणती गाडी सोपी, कोणती अवघड, ते सांगतो.

काकांनी टी-५५ घेतला, तो बहुधा सगळ्यात अवघड. हाताने बदलायचे गिअर, क्लच, दोन लिव्हर. या प्रत्येकाला स्वतंत्र मोटार किंवा सिलिंडर, आणि त्यांचा ताळमेळ. गिअर बदलताना क्लच किती वेळ दाबायचा, इंजिनाचे फेरे किती खाली येऊ द्यायचे हे सगळं लिहून काढावं लागतं. बीएमपी-२ ला मोटारसायकलसारखं हँडल असतं, त्यामुळे वळवण्यासाठी एकच मोटार पुरते. मुंत्रासाठी तो सांगाडा घेतला त्याची बाकी कारणं काही असोत, हा फायदा आहेच. ऑस्ट्रेलियाच्या एम-११३ एएस४ मध्ये नूतनीकरणात नवं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स आधीच आला होता. जिथे गिअर आपोआप पडतात तिथे निम्मं काम झालेलं असतं. म्हणजे गाडी जुनी असली तरी तिच्या पोटातली यंत्रणा किती जुनी, हे आधी बघायला हवं.

तोफ डागायची असेल तर वेगळीच गोष्ट. टी-५५ मध्ये चार माणसं, त्यातला एक १०० मिलिमीटरचा गोळा उचलून हाताने भरतो. तो उतरला की तोफ मुकी. टी-७२ मध्ये फिरत्या चकतीतून २२ गोळे आपोआप भरले जातात, म्हणून रशियाने 'श्टुर्म' या माणसाविना लढणाऱ्या गाडीसाठी टी-७२ चा सांगाडा निवडला. पण तिथेही गोळा अडकला तर मोकळा करायला आत कोणी नाही.

आता मुख्य मुद्दा: संपर्क तुटला तर गाडीने काय करायचं? गाडीला दर क्षणी "मी आहे" असा संदेश जात राहायला हवा. तो ठरलेल्या वेळेत आला नाही की गाडी आपणहून थांबली पाहिजे. आणि थांबण्यासाठी वीज लागता कामा नये. स्प्रिंगने ब्रेक लागलेला असावा आणि तो सोडायला वीज किंवा हवा लागावी. उलटं केलं, म्हणजे ब्रेक लावायला वीज लागत असेल, तर बॅटरी गेल्यावर ३६ टन लोखंड उतारावरून मोकळं सुटतं. मी एका ठिकाणी असा उलटा आराखडा पाहिला आहे. चाचणीला रणगाडा नव्हता, साधी सामानाची गाडी होती, भिंतीला जाऊन आदळली. कोणाला लागलं नाही म्हणून लिहू शकतोय.

तरंगलांबी

शून्यएक, एक भर. "थांब" हा एकमेव उपाय मला पुरेसा वाटत नाही. संपर्क तुटला तिथेच गाडी थांबली तर ती नेमकी जिथे संपर्क नाही तिथे थांबते, आणि मग परत मिळायचं काही साधन उरत नाही. निदान शेवटची पन्नास मीटर वाट लक्षात ठेवून गाडीने आलेल्या वाटेवरूनच मागे यावं. ती वाट सुरुंगमुक्त असल्याचं तिने स्वतःच सिद्ध केलेलं असतं.

शून्यएक

हो, हे मान्य. फक्त मागे माणसं येत असतील तर? रोलरच्या गाडीमागून पायदळ चालत असतं. संपर्क नाही, मागचा कॅमेरा बघायला कोणी नाही, आणि गाडी आपोआप मागे यायला लागली. म्हणून हा निर्णय आधी ठरवून ठेवता येत नाही. त्या दिवशीच्या कामाप्रमाणे चालवणाऱ्याने निघण्यापूर्वी निवडावा लागेल: थांब किंवा मागे ये.

सावली_आई

मी या धाग्यात लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते. माझा मुलगा चिलखती दलात चालक आहे. तांत्रिक बाबी मला अर्ध्याच कळतात. पण रोलरच्या गाडीतून उतरलेली पोरं बोलत नाहीत, हे वाक्य वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला. तोही सुट्टीवर आला की पहिला दिवस असाच गप्प असतो. मी कधी विचारलं नाही.

मला एवढंच विचारायचंय: हे सगळं झालं तर खरंच माणसं वाचतील का, की आत कोणी नाही म्हणून आणखी धोक्याच्या ठिकाणी गाड्या पाठवतील आणि मागून त्या दुरुस्त करायला पुन्हा माणसंच जातील?

पानोपानी

ताई, तुमच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती मला लिहायलाच हवी. आत आपला माणूस नसला की समोरच्या बाजूच्या माणसांचा विचारही कमी होतो. जून २०२३ मध्ये युक्रेनच्या मारिंका भागात रशियाने जुना टी-५४/५५ स्फोटकांनी भरून पुढे सोडला. तो सुरुंगावर चढून थांबला आणि लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच प्रचंड स्फोटात गेला. गाझात इस्रायली सैन्याने जुन्या एम-११३ गाड्यांत स्फोटकं भरून त्या दुरून वस्तीत नेल्याचं इस्रायली माध्यमांनीच दिलंय. मोकळ्या मैदानावर फुटलेली गाडी आणि घरांच्या रांगेत फुटलेली गाडी यांत फरक आहे. एवढी स्फोटकं भिंत कोणाची, तळघरात कोण, हे बघत नाहीत. भंगारात जाणारी गाडी फुकट मिळते म्हणून ती बॉम्ब करायचा मोह मोठा आहे, आणि मला तो वापर अजिबात मान्य नाही.

बिनबुडाचा

पण विमानांच्या बाबतीत हे कधीच होत आलंय ना? २०२० च्या आर्मेनियाविरुद्धच्या काराबाख युद्धात अझरबैजानने जुनी दोन पंखांची एएन-२ विमानं माणसाविना पाठवली, त्यांच्यावर मारा करताना आर्मेनियाची हवाई संरक्षण ठिकाणं उघडी पडली. अमेरिकेने जुनी एफ-१६ विमानं क्यूएफ-१६ नावाने सरावाची लक्ष्यं म्हणून उडवली, पहिलं माणसाविना उड्डाण २०१३ मध्ये. त्यात कोणाला वाईट वाटलं नाही.

पानोपानी

आमिष आणि लक्ष्य म्हणून वापरण्यावर माझाही आक्षेप नाही. उलट जुन्या रणगाड्याचा तो चांगला उपयोग आहे: पुढे जाऊन शत्रूचा मारा स्वतःवर ओढायचा. आक्षेप स्फोटकं भरून वस्तीत सोडण्यावर आहे. दोन्ही एकाच पारड्यात घालू नका.

बिनबुडाचा

बरोबर. मी तो फरक केला नव्हता.

जुना_फिटर

सावली_आई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईल तेवढं प्रामाणिकपणे देतो.

माणसं वाचतील. सुरुंगाच्या पट्ट्यात आणि अडथळ्यापाशी नक्की वाचतील. पण तुमची शंकाही खरी आहे, आणि ती माझ्याच धंद्याला लागू आहे. रिमोट बसवला म्हणून गाडीची देखभाल कमी होत नाही. ट्रॅक ताणायला, डिझेल भरायला, रोलरचे तुटलेले भाग बदलायला माणसंच लागतात. पूर्वी ही कामं आतलीच तीन-चार माणसं करायची. आता ती आत नाहीत, म्हणून मागच्या तुकडीवर सगळा भार. त्यात जुन्या गाड्या. ट्रॅक उतरला तर चार सराईत माणसांनाही तो चढवायला तास-दोन तास जातात, आणि ते उघड्यावर.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे पुढे अडकलेल्या गाडीला ओढदोर लावणं. गाडी सुरुंगाच्या पट्ट्यात बंद पडली. आत कोणी नाही, म्हणून आत कोणी जखमी नाही, हे खरं. पण पट्ट्यातली ती एकमेव साफ वाट आता त्याच गाडीने अडवलीय. ती हलवावी लागणार. मग दोराचा फास तिच्या हुकात घालायला कोण जाणार? तुमच्या मुलासारखाच कोणीतरी. बातमीत लिहितात "चालकाविना", आणि हा माणूस कोणी मोजत नाही.

मातीकाम

आम्ही यावर एक केलं होतं. रिमोटचा डोझर कड्याखाली पाठवण्याआधीच त्याच्या मागच्या हुकात दोर अडकवून ठेवायचो आणि दोराचं दुसरं टोक मागे ओढत न्यायचो. अडकला तर दुसऱ्या यंत्राने सुरक्षित जागेवरून ते टोक पकडायचं आणि ओढायचं. कड्याखाली कोणी जायचं नाही. लांब दोर जड पडतो, पण वीस-तीस मीटरचा चालतो.

जुना_फिटर

रणगाड्यांतही दोर आधीच हुकाला लावून अंगावर बांधून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे घाईच्या वेळी शोधाशोध नको. पण मागे ओढत न्यायचा हे मी कधी केलं नाही. अडचण एक: मागे येताना किंवा जागेवर वळताना दोर ट्रॅकमध्ये जाईल. तरंगलांबींनी काचतंतूबद्दल म्हटलं तेच.

मातीकाम

आमचा पण दोनदा गेला. मग मागच्या हुकाच्या वर कमरेएवढी एक आडवी दांडी वेल्ड केली, दोन्ही ट्रॅकच्या मधोमध. दोर तिच्यावरून यायचा, म्हणून उचललेला राहायचा आणि मधल्या पट्ट्यातच पडायचा. मागे घेताना मात्र पाच-सात मीटरच घ्यायचं, जास्त नाही. आणि वळण नेहमी रुंद.

शून्यएक

वळण रुंदच घ्यायचं आणि मागे सात मीटरच यायचं, हे दोन्ही नियम नियंत्रण प्रणालीत घालता येतात. दोर लावलेला आहे असं एक बटण. ते दाबलं की गाडी जागच्या जागी फिरणारच नाही, चालवणाऱ्याने लिव्हर कितीही ओढला तरी. तरंगलांबी, तुमची आलेल्या वाटेने मागे येण्याची कल्पना यात मात्र बसत नाही, दोर असेल तर ती बंद ठेवावी लागेल.

तरंगलांबी

चालेल. दोर असेल तर थांबायचं, ओढून काढता येईल. दोर नसेल तर मागे यायचं.

सावली_आई

दांडी कशी वेल्ड केली होती, त्याचं चित्र काढून टाकाल का इथे? पुढच्या महिन्यात तो सुट्टीवर येतोय. त्याला दाखवते.

मातीकाम

रात्री काढून टाकतो, ताई. मापांसकट.